धुराड्याचं पांढरं

उद्धवरावांचं खुरपं पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आवरलं नव्हतं. पातं गावाकडचं, खुरपणीचं, त्यांच्या आईच्या हातून झिजलेलं. आणि त्याला वेल्डिंगनं जोडलेला दांडा म्हणजे माणसाच्या उंचीचा लोखंडी पाइप. "हे काय हो, तिकडं लातूरकडं उभ्यानं खुरपतात का?" असं मी विचारलं, तर तेही हसले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. त्यांचा ठसका पाणी पिऊन थांबायचा नाही की पाठ चोळून थांबायचा नाही. त्यांची बायको कौशल्याबाई कणीक मळत असायची. ती मान वर करायची, आणि खोकला थांबेपर्यंत तिचे हात परातीत तसेच राहायचे.

ही गोष्ट त्या कौशल्याबाईची आहे. ती स्वतः काही सांगणार नाही. तिचा स्वभावच तसा. माझा तसा नाही. मी तोंडानं फटकळ आहे, हे निघोज्यात कुणालाही विचारा.

मी इंदू. चाकणच्या कंपन्यांकडं जाणाऱ्या रस्त्याला, निघोज्याच्या हद्दीत, माझी खानावळ आहे. लोडर असो नाहीतर सुपरवायझर, सगळे मला इंदुताईच म्हणतात. खानावळीच्या समोर आमच्याच शेताचा तुकडा. त्यात एके काळी कांदा असा व्हायचा की चाकणच्या बाजारात माणसं गोणीत हात घालून बघायची. माझे दीर बाळाजी, त्यांच्या वाटणीला तो तुकडा आला. भावजींनी त्यावर पत्र्याचं शेड ठोकलं आणि सुजित नावाच्या एका माणसाला भाड्यानं देऊन टाकलं. "वैनी, कांद्यात काय ऱ्हायलं न्हाई आता," असं मला म्हणाले. खरं असेल तेही. पण कांद्यानं फक्त डोळ्यांत पाणी यायचं.

त्या शेडात भट्टी होती. चिखलीतल्या बारक्या कारखान्यांत लोखंडाच्या पार्टना तांब्याचा मुलामा देतात. तिथलं वापरून खराब झालेलं आम्लाचं पाणी आणि टाक्यांच्या तळाचा गाळ ड्रम भरभरून इकडं यायचा. भट्टीवर मोठी कढई. उद्धवरावांनी त्यात तो गाळ आटवायचा, भाजायचा, आणि उरलेलं तांबं सुजितशेठनं विकायचं. असल्या कामाला परवानगी असते की नसते हे विचारायला कुणी येत नव्हतं, आणि आलंच तर शेठ त्याला माझ्याच खानावळीत आणून मटण खाऊ घालायचा.

उद्धवराव आधी चाकणला एका मोठ्या कंपनीत होते, कंत्राटावर. कंत्राट बदललं, माणसं बदलली. वय झालं होतं, दुसरीकडं कुणी घेईना. सुजितशेठनं काम दिलं, शेडाला लागून पत्र्याची खोली दिली. एकुलती एक मुलगी उदगीरला दिलेली, तिच्या संसारात. नवरा-बायको दोघंच. कौशल्याबाई माझ्याकडं पोळ्या लाटायला येऊ लागली, आणि खरं सांगते, तिच्यासारखी पोळी माझ्या खानावळीत कुणी लाटली नाही.

तिला एकच खोड होती. तिला सगळीकडं खुणा दिसायच्या. पाल चुकचुकली, डोळा लवला, वातीवर काजळी धरली, पहिली पोळी फुगली नाही, सगळ्याला अर्थ. मी तिला चिडवायचे, "कौशल्याबाई, तुमची देवी दिवसभर तुमच्याशीच बोलत बसते की काय? तुळजापूरला बाकीची गर्दी ताटकळतीय." ती हसायची नाही. म्हणायची, "तुमाला नाई कळायचं ताई. ज्याच्या हातात काई नसतं, त्यानं खुणाच बगायच्या असतात."

तिचा जीव कशात अडकलाय ते मला ठाऊक होतं. चिखलीला तिचा भाऊ होता. त्यानं एका नव्या सोसायटीत उद्धवरावांसाठी वॉचमनचं काम बघून ठेवलं होतं, वर राहायला खोली. पण ते दिवाळी झाल्यावर. तोवर भट्टी सोडली तर डोक्यावरचा पत्राही जाणार. म्हणजे दिवाळीपर्यंत कळ काढायची. आणि नवऱ्याचा खोकला तर दिवसेंदिवस खोल चाललेला. पोळी तव्यावर टाकता टाकता ती मला विचारायची, "दिवाळीपर्यंत टिकतील का ओ मालक?" नवऱ्याला ती मालक म्हणायची. मी म्हणायचे, "टिकतील हो, न टिकायला काय झालं!" दुसरं काय म्हणणार?

आता ते खुरपं कशासाठी, ते ऐका. भट्टीच्या वर पत्र्याचं टोपरं आणि त्यातून वर गेलेलं धुराडं. दोन्ही जोडले होते तिथं गळा अरुंद आणि वाकडा, करणाऱ्यानं घाईत केलेला. गरम वाफ त्या गळ्यातून वर जायची आणि जाता जाता तिथं पांढरा थर धरायची. मिठागरात मीठ धरावं तसा. थर वाढला की गळा आवळायचा आणि धूर आत परत फिरायचा. म्हणून दर आठवड्याला भट्टी निवली की उद्धवराव कोनाड्याएवढ्या झडपेतून ते खुरपं आत घालून गळा खरवडून काढायचे. साधी सळई तिथं चालायची नाही. सळईनं भोक पडतं, थर निघत नाही. खुरप्याचं वाकडं पातं मात्र त्या वळणात बरोबर बसायचं. खरवडलेल्या पांढऱ्यात तांबं असतं म्हणून तेही परत कढईत टाकायचं, असा शेठचा हुकूम. तोवर ते झाकणाच्या डब्यात, भट्टीच्या उबेला ठेवलेलं असायचं.

ते पांढरं एकदा त्यांनी माझ्या तनुजाला दिलं. तनुजा माझी मुलगी, आकुर्डीच्या कॉलेजात जाते, दगडमातीचा अभ्यास करते. बाटलीत एक खडा, बूच घट्ट. म्हणाले, "तनू, याला हवा लागू देऊ नको, गंमत जाईल." मग डब्यातला दुसरा एक खडा त्यांनी ओट्यावर ठेवला आणि वर बोटानं पाण्याचा थेंब सोडला. चर्र झाल्यासारखं वाटलं आणि खडा बघता बघता निळा. असा निळा की मी "अगं बाई!" म्हणून पोळी करपवली. आमच्यात द्राक्षावर फवारायला मोरचूद आणायचे पाहुणे, तोच तो निळा. कौशल्याबाई तेव्हा नव्हती, मुलीकडं उदगीरला गेली होती. धुराडं बाहेरून निळं-हिरवं पडलंय हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होतं, पण आतला थर पांढरा असतो हे आम्हा तिघांखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

तनुजानं बाटली कॉलेजात नेली आणि आठवड्यानं भलतंच ऐकून आली. सर म्हणाले, याला चाल्कोसायनाइट म्हणतात. इटलीत व्हेसुव्हियस नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या पोटातला गरम वायू जिथून बाहेर फुसफुसतो त्या भोकांच्या कडेला हे धरतं. जगात फार थोड्या ठिकाणी मिळतं, कारण दमट हवा लागली की याचा मोरचूद होतो आणि मूळचं उरत नाही.

उद्धवराव चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे मी ज्वालामुखीच्या तोंडाला बसलोय म्हणा की! तिकडं कोण बसतं गं मग?"

"कुणी बसत नाही काका," तनुजा म्हणाली. "शास्त्रज्ञ जातात. तोंडाला मास्क, हातमोजे, सगळं घालून. नमुना घेतात आणि लगेच परत फिरतात."

उद्धवरावांनी खांद्यावरच्या रुमालाकडं बघितलं. कामाला बसताना ते तोच तोंडाला बांधायचे. "मग माझा खडा ठेवला का सरांनी कपाटात?" असं त्यांनी विचारलं. तनुजा जरा घुटमळली. माणसाच्या भट्टीत झालेलं असलं तर ते खनिज म्हणून धरत नाहीत, असं सर म्हणाले होते. ज्वालामुखीत झालं तरच खनिज. उद्धवराव मोठ्यानं हसले. "शेठबी असंच म्हणतो की! चार माणसं विचारायला आली तर म्हणतो, हा आमच्याकडचा कामगारच नव्हे." पुन्हा ठसका लागला. मला मात्र हसू आलं नाही, माझं डोकं फिरलं होतं. बाटली तनुजानं आमच्या मिसळणाच्या डब्याशेजारी फळीवर ठेवून दिली.

नवरात्र आलं. कौशल्याबाईच्या खोलीत घट बसले. दारापुढं ती रोज नवी रांगोळी काढायची. नऊ दिवस उपास, हात मात्र पोळपाटावर. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. आपल्याकडं कंपन्यांत मशिनला झेंडूचा हार घालतात, पेढे वाटतात, झालं. तिच्या माहेरची रीत कडक होती. नवमीला पुजलेलं हत्यार दसऱ्याला उत्तरपूजा होऊन माणसं सोनं द्यायला बाहेर पडेपर्यंत उचलायचं नाही. नांगर असो, विळा असो, सुई असो. उचललं तर देवीनं दिलेलं माघारी घेतल्यासारखं होतं म्हणे. नवमीला भट्टी बंद, दसऱ्यालाही बंद, असं सुजितशेठ आधी म्हणाला होता. म्हणून उद्धवरावांनी ठरवलं होतं की भट्टी गारच आहे, तर सकाळी आंघोळ करून पूजेच्या आधी गळा खरवडून घ्यायचा. त्या आठवड्यात तो राहिलेलाच होता.

ते आंघोळीला गेले आणि इकडं कौशल्याबाईनं पूजा मांडलीसुद्धा. मीही होते, झेंडूच्या माळा घेऊन गेले होते. भट्टीसमोरची जमीन पहाटेच धुऊन, पुसून, वाळवून लख्ख केलेली. पाट, पाटावर खण, खणावर चिमटे, हातोडी, पाना आणि मधोमध ते लांब खुरपं, पात्याला हळद-कुंकू. रांगोळी काढायला बसली तर रांगोळी संपलेली. मी म्हणाले, "माझ्याकडची आणते." ती म्हणाली, "असू द्या, हितं मालकांच्या डब्यात चुनखडी हाय की." आणि भट्टीजवळचा डबा उघडून तिनं ते पांढरं मुठीत घेतलं. मी माळांचा गुंता सोडवत होते, मी बघितलंच नाही तिनं कुठल्या डब्यात हात घातला ते. मला एवढंच ऐकू आलं, "ही चुनखडी लई चुणचुणती ओ बोटाला."

रांगोळी मात्र सुरेख काढली. मधे देवीची पावलं, भोवती कमळं. उद्धवराव ओल्या केसांनी आले. खुरपं पाटावर बघून थबकले, मग नारळ सोलायला बसले. भट्टी दोन दिवस बंदच आहे, दसऱ्याच्या संध्याकाळी खरवडू, असा विचार केला असणार. सुजितशेठही तेवढ्यात आला, पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा, पुढची गाडी गाठायची असल्यासारखा घाईत. कौशल्याबाईनं डोळे मिटले, पदर पसरला. काय मागितलं ते मोठ्यानं नाही म्हणाली, पण मी शेजारीच होते आणि ओठ वाचता येतात मला. म्हणाली, मालकांना हितून सुखरूप बाहेर काढणार असशील तर खूण दे.

उद्धवरावांनी भट्टीच्या कडेवर नारळ फोडला. पाणी उडालं ते थेट रांगोळीवर.

कौशल्याबाईनं डोळे उघडले तर देवीचं एक पाऊल निळं झालेलं. मग दुसरं. जिथं जिथं थेंब पडला तिथून निळं पसरत पसरत कमळांपर्यंत गेलं. ती ओरडली नाही. तिनं दोन्ही हात तोंडावर धरले आणि ती रडायला लागली, पण कशी, तर माहेरचं माणूस अवचित दारात दिसल्यावर बाई रडते तशी. "पावलीस गं आई, पावलीस!" सुजितशेठनं चपला काढून साष्टांग नमस्कार घातला, शर्ट मळला तरी, आणि मग मोबाइल काढून फोटोवर फोटो.

मला तेव्हा उमगलं. मी उद्धवरावांकडं बघितलं. त्यांना तर आधीच उमगलं होतं. ते हसू दाबत होते, आणि मग बायकोचा चेहरा बघून त्यांचं हसूही गेलं. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तिला सांगू नका ताई. वरीस झालं, असं तोंड बघितलं नव्हतं तिचं."

दुपारी सुजितशेठला कुणाचा तरी फोन आला. चिखलीहून गाळाचे ड्रम निघाले होते, तांबं दसऱ्यानंतर लगेच पाहिजे होतं. तो म्हणाला, पेटवा भट्टी. उद्धवराव म्हणाले, "शेठ, आज-उद्या बंद म्हणाला होतात. गळा खरवडायचा राहिलाय, आन खुरपं पूजेला लागलंय." शेठ काय म्हणाला असेल? "अहो, देवीनं हिरवा कंदील दाखवला ना तुमच्यादेखत! एवढं शुभ झाल्यावर भट्टी गार ठेवायची? अपशकुन व्हायचा." देव कुणाच्या तोंडी कसा शोभतो बघा. वर म्हणाला, एक दिवस काढेल गळा, काही होत नाही. आणि गाडीत बसून गेला, एसी लावून.

भट्टी पेटली. संध्याकाळी उद्धवराव चहाला आले. मी म्हणाले, "अहो, आता तरी सांगा तिला. खुरपं उचला, खरवडा, परत ठेवा. देवी काय मोजत बसलीय?" ते म्हणाले, "सांगतो की. उद्या सांगतो. आत्ता ती झोपायलीय ताई. दिवसाउजेडी, उपाशी पोटी, पोर झोपावं तशी. रोज रात्री माझा खोकला ऐकत पडायची बगा, उशीवर कान ठेवून. आज पहिल्यांदा डोळा लागलाय." आणि चहा न संपवता उठले.

दसऱ्याला सकाळी खानावळीत धांदल. सणाचे डबे, श्रीखंड-पुरी. कौशल्याबाई पुऱ्या लाटत होती आणि गाणं गुणगुणत होती, तिचं गाणं मी तोवर ऐकलंच नव्हतं. मी बाहेर गिऱ्हाइकांना वाढत होते. उद्धवराव मागच्या दारानं आले ते मला दिसले. डोळे लालभडक, रुमाल तोंडावरून खाली ओढलेला. काय बोलणं झालं ते तिनं मला पुढं सांगितलं. ते म्हणाले, "धुराडं दाबलंय. धूर परत फिरायलाय. खुरपं घेऊ का उचलून?" आणि ती म्हणाली, "अवो, असं काय करायलाव? देवीनं कौल दिलेलं हत्यार. दिवस मावळायला उत्तरपूजा करू, मग उचला की. एवढं दिलं तिनं, आपुन एक दिवस दम नाई धरायचा?"

मी आत आले तेव्हा ते तिच्याकडं बघत उभे होते. तिच्या गालाला पीठ लागलेलं. त्यांनी तोंड उघडलं होतं, सांगणारच होते, शपथेवर सांगते. मग म्हणाले, "बरं, राहू द्या. सळईनं भागवतो."

मी ओरडले, "सळई-बिळई काही नाही, भट्टी विझवा! मरू दे त्या शेठचा माल!" त्यांनी माझ्यासमोर शेठला फोन लावला. स्पीकरवर मी ऐकलं. "विझवली तर अर्धवट भाजलेला गाळ कढईत दगड होईल, कढई जाईल. थोडं सहन करा ना उद्धवराव, सणाचं काय हे!" मागं कुणाच्या तरी घरात टीव्ही चालला होता. उद्धवरावांनी फोन खिशात ठेवला, एक गरम पुरी उचलली, बायकोला म्हणाले, "मीठ झक्कास पडलंय," आणि गेले.

थोड्या वेळानं एका गिऱ्हाइकानं विचारलं, "ताई, समोर आग लागली का काय?" धुराड्यातून काहीच निघत नव्हतं. शेडाच्या दारातून, पत्र्याच्या फटींतून पिवळट धूर जमिनीसरसा रस्त्यावर येत होता. मी धावले, माझ्यामागं कौशल्याबाई, हातात लाटणं तसंच. दाराशी पोचलो तर श्वास घेता येईना, छातीत कुणी काच भरली असं वाटलं. शेजारच्या शेडातली लोडरची पोरं ओले रुमाल बांधून आत गेली आणि त्यांनी उद्धवरावांना ओढून काढलं. ते शिडीवर चढून, झडपेत डोकं घालून सळईनं भोसकत होते. तसेच वरून खाली पडले होते. ओठ राखेच्या रंगाचे. सळई हातात घट्ट.

त्याच पोरांनी भट्टी विझवली, आणि धूर विरल्यावर मी आत बघितलं. पाटावर खुरपं जसंच्या तसं, पात्यावर हळद-कुंकू. रांगोळी सगळीच्या सगळी निळी झाली होती आणि तिच्यावर त्या पोरांच्या बुटांचे ठसे उमटले होते.

चाकणला दवाखान्यात नेईपर्यंत रिक्षातच संपलं. संध्याकाळी गावात माणसं एकमेकांना सोनं देत होती आणि कौशल्याबाई दवाखान्याच्या पायरीवर बसली होती, हाताला कणीक वाळलेली. सुजितशेठ आला. सगळ्यात आधी काय विचारलं असेल? "भट्टी कुणी विझवली?" देवाशपथ, हेच विचारलं. मग पोलिसांना म्हणाला, माणूस रोजंदारीवर अधूनमधून यायचा, आमच्याकडं नावाला नाही, आधीपासून दम्याचा पेशंट. मी त्याच्या पांढऱ्या शर्टाला धरलं. भावजींनी मला ओढलं, "वैनी, आपुन मधी पडू नगा, आपलं शेड हाय." मी म्हणाले, "भावजी, तुमचं शेड जळो." काही जळलं नाही. आज तिथं दुसरी भट्टी आहे आणि दुसरा माणूस.

क्रियाकर्म गावाकडं झालं. दिवाळी होऊन गेल्यावर कौशल्याबाई भावाबरोबर खोली रिकामी करायला आली. अर्ध्या तासात सगळा संसार एका पोत्यात मावला. भावानं पाइप कापून खुरप्याचं पातं वेगळं केलं, ते तिनं लुगड्यात गुंडाळून घेतलं. मग माझ्याकडं चहाला आली. जुन्या जागी, पोळपाटापाशी बसली. म्हणाली, "ताई, एकच कळंना झालंय बगा. देवीनं खूण दिली, तुमी बी बगितली. मग असं कसं केलं तिनं? मी काय चुकले?"

 मी तिची कपबशी उचलायला गेले, तर तिनंच ती बसल्या जागी बादलीत विसळून ठेवली. तिची नजर फळीवर गेली, मिसळणाच्या डब्याशेजारी. तनुजाची बाटली तिथंच होती. तिनं उठून ती काढली, उजेडात धरली.

"ही तर माझी रांगोळी," ती म्हणाली. "तुमच्याकडं कशी?"

मी काही म्हणायच्या आत तिनं बूच काढलं आणि खडा चुरडून तळहातावर घेतला. आत्ताच कपबशी विसळलेला हात, ओला. पांढरं तिच्या हातावर बसलं आणि कडेनं निळं व्हायला लागलं. ती बघत राहिली. रेषारेषांतून निळं भरत गेलं. घाईत उत्तर मागावं तसं तिनं माझ्याकडं बघितलं नाही, सावकाश बघितलं.

"हे धुराड्यातलं?"

"हो."

"पाणी लागलं की होतं असं? कवाबी?"

"कधीही."

"मालकांना ठावं होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्या बाईशी आता कोण खोटं बोलणार? मी म्हणाले, "होतं. नारळ फोडला तेव्हाच. मला म्हणाले, तिला सांगू नका. दुसऱ्या दिवशी सांगणार होते. तुम्हाला त्या दिवशी झोप लागली होती म्हणून."

ती रडली नाही. बाटली जिथली तिथं ठेवली, बूच लावलं. निळा हात तिनं मांडीवर उताणा ठेवला, कुणाचा तरी दुसऱ्याचाच असल्यासारखा. बाहेर तिचा भाऊ टेम्पोचा हॉर्न वाजवत होता.

"झोप," ती म्हणाली. मग हॉर्न पुन्हा वाजला तशी उठत, "मला उठवायचं होतं की ओ त्यांनी. मी काय रागावले असते?"